तोच वारा, दहा वेळा

प्रिय वहिनी,

फोन उचलायचाच नाही असं ठरवलं असशील तर निदान तो बंद तरी ठेव. तो पूर्ण वाजतो, मग तुझ्याच आवाजात 'मी आत्ता बोलू शकत नाही' ऐकू येतं, आणि दर वेळी क्षणभर मला वाटतं की तू उचललास. काल शेवटी तुझ्या बाबांच्या नंबरवर केला. त्यांनी माझी चौकशी केली, आईच्या डोळ्याची केली, हवापाण्याची केली, आणि तुझं नाव काढताच 'ती जरा कामात आहे गं' म्हणून मोकळे झाले. मागे तू भांडी विसळत होतीस ते मला स्पष्ट ऐकू येत होतं. तेव्हा आता हे पत्र. माझं अक्षर पाहून तू पाकीट न उघडता कुठेतरी सरकवून देशील, म्हणून वरचा पत्ता दादाकडून लिहून घेतला आहे. त्याच्यावरचा राग माझ्यावरच्या रागापेक्षा थोडा कमी असेल असा माझा अंदाज. गुरुवारी समिती बसते आहे आणि खाडीच्या भिंतीची उंची त्या दिवशी कायमची ठरणार आहे. त्याच्या आत तू हे वाचावंस एवढं एकच मागणं आहे.

आधी घरची खबर देते, कारण ती तू मरशील पण विचारणार नाहीस. आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. डॉक्टरीणबाईंनी वाकू नका म्हणून बजावलंय, तेव्हापासून ती दिवसभर वाकायची कारणं शोधते. दादाशी ती बोलत नाही. समोरासमोर बसून मला सांगते, 'तुझ्या भावाला म्हणावं, मीठ सरकव.' दादा एक भांडं करपवतो, ते भिजत घालतो आणि दुसरं करपवायला घेतो; सिंकमध्ये आता हात धुवायला जागा नाही. औषधाच्या दुकानात दिवसभर लोकांना 'जेवणानंतर घ्या' सांगणारा माणूस स्वतः काय जेवतो हे गिऱ्हाइकांनी पाहिलं तर दुकान बसेल. त्या संध्याकाळी तो तुला काय म्हणाला ते त्याने आमच्यापुढे कबूल केलंय. तू नोकरी सोडून घरी आलीस, आणि याने टीव्हीवरची नजरसुद्धा न काढता म्हणावं, 'एवढं काय त्यात, आकडाच तर आहे, थोडं जुळवून घ्यायचं.' मी आईबरोबर दवाखान्यात नसते तर मी तो टीव्हीच त्याच्या डोक्यात घातला असता. आईने ते वाक्य त्याला इतक्या वेळा ऐकवलंय की आता ती 'आकडा' म्हणाली तरी तो उठून गॅलरीत जातो. घरात आईने तुझी बाजू घेतली आहे, हे सांगून ठेवते. सासूने सुनेची बाजू घ्यायची आणि नणंदेने सगळ्यांची बोलणी खायची, अशी आपल्याकडची सध्याची व्यवस्था आहे.

आता ऑफिस. तुझ्या खुर्चीवर कुणी बसत नाही, पण सगळे तिच्यावर आपापल्या पिशव्या ठेवतात, आणि खिडकीतल्या तुझ्या झाडाला प्रत्येक जण दुसऱ्याने पाणी घातलं असेल असं समजतो. दशांशसाहेब (हे नाव तूच ठेवलंस, आणि एक दिवस ते माझ्या तोंडून त्यांच्यासमोर निघणार आहे) जोरात आहेत. तो तक्ता त्यांना इतका आवडलाय की मोठा छापून जिन्यात लावलाय. खाडीला शंभर वर्षांत एखाद्या वेळी येईल असं सर्वांत उंच पाणी, त्याची दहा मशीनवरची दहा उत्तरं, दर मशीनवर काळाचं पाऊल निराळं, आणि उत्तरांतला फरक बोटाच्या रुंदीएवढासुद्धा नाही. खाली जाड अक्षरांत 'एकूण चूक: बोटभर'. म्हणून भिंत त्या पाण्याच्या वर फक्त वीतभर ठेवायची, मागच्या नव्या वस्तीतल्या लोकांना किल्ल्या द्यायच्या, आणि भाषण करायचं. जिना चढताना रोज तो तक्ता माझ्या नाकासमोर येतो. मी आता लिफ्टने जाते.

तो तक्ता पहिल्यांदा दाखवला त्या दिवशी मी रजेवर होते, त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकीव आहे आणि खोलीतल्या प्रत्येकाने ते निराळं सांगितलं आहे. सगळ्यांच्या सांगण्यात समान इतकंच, की केक कापायच्या आधी तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, 'हे इतकं जुळतंय तेच मला पटत नाही. एवढ्या थोड्या रनमध्ये ही उत्तरं एकमेकांपासून वीतभर तरी लांब पडायला हवी होती.' साहेब म्हणाले, 'बाई, जुळलं तरी रडायचं, नाही जुळलं तरी रडायचं!' लोक हसले. तू विचारलंस की यात हसण्यासारखं काय आहे. ते म्हणाले, पुरावा असेल तर दाखवा, नसेल तर केक खा. त्यावर तू गळ्यातलं ओळखपत्र काढून केकवर ठेवलंस आणि दार आपटून गेलीस. आलेख काढणाऱ्या बाई म्हणतात केकच्या शेजारी ठेवलंस, पण मी तुला ओळखते, केकवरच ठेवलं असणार. नंतर तेवढा तुकडा काढून टाकून बाकीचा केक सगळ्यांनी खाल्ला म्हणे. अशी ही माणसं.

मी कामावर परत गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात सहा नंबरचं मशीन बंद पडलं. साहेबांना फाइल पूर्ण हवी, म्हणून त्याच्या वाट्याचा रन पुन्हा करायचं माझ्या गळ्यात आलं. मी माझ्या टेबलावरच्या मशीनवर तुझा प्रोग्रॅम नव्याने टाकला, पाऊल तेच ठेवलं, वर्षं तेवढीच ठेवली, आणि रन सोडून डबा खायला गेले. परत येऊन पाहते तर उत्तर वीतभर वर. माझ्याभोवती ही गर्दी! साहेबांनी चष्मा पुसून आकडा वाचला आणि निकाल दिला, की माझं मशीन बिघडलंय. नऊ मशीन एक सांगतात आणि हे एकटंच वेगळं बोलतं, म्हणजे हेच खराब. दुरुस्तीवाला आला. त्याने ते उघडलं, फुंकर मारून धूळ उडवली, तारा लावून तासभर तपासलं आणि मला म्हणाला, 'मॅडम, मशीन ठणठणीत आहे. तुमचंच काहीतरी बिघडलंय.' तरीही साहेबांनी नवं मशीन मागवलं. नव्याने तिसराच आकडा दिला, तक्त्यातल्या आकड्यांपेक्षाही खाली. मग काय विचारतेस, कंपनीची सगळी मशीनच टुकार आहेत असं ठरलं, आणि साहेब फोनवर विक्रेत्याशी अर्धा तास भांडले. मी डोकं धरून बसले होते. एकदाही कुणाच्या मनात आलं नाही की ही दोन मशीन बरोबर असतील.

शेवटी मी तुझ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीच्या सगळ्या खुणा एकेक करून पाहत बसले. आणि चालू असलेल्या नऊही मशीनवर ती दिसली. 'वारा तोच ठेवा', पुढे टिक. वहिनी, मी कपाळावर हात मारून घेतला तो इतक्या जोरात, की पलीकडच्या टेबलावरून विचारणा झाली. ही सोय तूच केलेली, नावही तूच दिलेलं! पावलाची चूक तपासायची तर वारा तोच ठेवून पाऊल बदलून बघायचं, हे तू मला शिकवलंस. तुझ्या मशीनवर ती टिक होती आणि असायलाच हवी होती, तू पावलाचीच तपासणी करत होतीस. पण साहेबांना सादरीकरणाची घाई. तू मधल्या सुट्टीत खाली गेलीस तेवढ्यात त्यांनी तुझ्या मशीनवरचं सगळं जसंच्या तसं दहा मशीनवर उतरवायला लावलं, टिकेसकट; आलेख काढणाऱ्या बाईंनीच हे मला एकट्यात सांगितलं. मी नव्याने टाकलेल्या प्रोग्रॅममध्ये ती टिक नव्हती, म्हणून माझ्या मशीनने आपला वेगळा वारा काढला. आणि आता मला सांग, तू काय करत होतीस? नाक तुझं इतकं तीक्ष्ण की भर सभेत तुला वास आला. मग जिन्यातून परत वर यायला काय झालं होतं? स्वतःच्याच प्रोग्रॅमचं पहिलं पान उघडून बघितलं असतंस तर साहेबांना तिथल्या तिथे गप्प करता आलं असतं. पण नाही, बाईसाहेबांना दार आपटायचं होतं. दार आपटलंस तू आणि त्या दारामागचा पसारा आवरते आहे मी.

हे घरी सांगितलं तर आई म्हणाली, 'मला नीट सांग, नक्की काय चुकलं.' दादा गॅलरीत होता, पण कान आत. मी म्हटलं, असं समज की खाडीचं पाणी एका दोरीने आपल्या नेहमीच्या पातळीकडे ओढलं जातं आणि वारा त्याला मनाला येईल तसे धक्के देत असतो. याचं समीकरण मांडता येतं, पण कागदावर सोडवता येत नाही. मग आम्ही काळाची लहान लहान पावलं टाकत त्याच्या मागे चालतो. आत्ता पाणी इथे, दोरीने इतकं ओढलं, वाऱ्याने इतकं ढकललं, म्हणून पुढच्या क्षणी तिथे. पाऊल मोठं पडलं तर मधलं काहीतरी निसटतं. ही एक चूक, आणि पाऊल बारीक केलं की ती कमी होते. पण वाऱ्याचे धक्के आम्हाला आधी माहीत नसतात, ते मशीन सोडत काढल्यासारखे काढतं. एखाद्या वर्षाला जोराचे निघतात, एखाद्याला हलके. म्हणून अशी पुष्कळ वर्षं चालून बघायची. थोडीच बघितली तर नशिबाने हाताला शांत वर्षं लागली की वादळी, ते कळायला मार्ग नाही. ही दुसरी चूक, आणि पाऊल कितीही बारीक करा, ती तसूभरही हलत नाही. ती निम्मी करायची तर चौपट वर्षं चालावं लागतं. साहेबांनी मशीनचा सगळा वेळ पाऊल बारीक करण्यात घालवला, कारण बारीक पाऊल तक्त्यात छान दिसतं, आणि वर्षं चालली मोजकीच.

आई म्हणाली, 'पण दहा मशीन लावली होती ना?' मी म्हटलं, आठवतं, हे घर भाड्याने घेताना ओल येते का म्हणून आपण किती जणांना विचारलं? सगळे एकसुरात नाही म्हणाले. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात कपाटामागची भिंत भिजली, आणि मग कळलं की त्या सगळ्यांनी ते घरमालकाच्या बहिणीकडून ऐकलं होतं. तसंच हे. दहा मशीनपुढे तोच वारा दहा वेळा गेला, फक्त पावलं वेगळी म्हणून उत्तरं केसभर इकडेतिकडे झाली. अगदीच तंतोतंत सारखी आली असती तर साहेबांनासुद्धा संशय आला असता. आईने सगळं ऐकून घेतलं आणि गॅलरीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, 'म्हणजे एवढ्या सगळ्यांत कळलं ते माझ्या सुनेला.' दादाने गॅलरीच्या दाराला बाहेरून कडी लावून घेतली असावी, कारण बराच वेळ तो आत आला नाही.

आता ज्याबद्दल तू दादाखेरीज कुणाकडेच बोलली नाहीस त्याबद्दल. मला ते दादाच्या तोंडून कळलं, तेही अक्षरशः ओढून काढावं लागलं. दुसऱ्या दिवशी अहवाल सगळ्यांना मेलवर आला, माहेरी बसून तू तो उघडलास, आणि शेवटच्या पानावर 'तपासणी' या शब्दापुढे तुला माझं नाव दिसलं. झालं. नणंद फुटली! अगं, ज्या दिवशी मी तो अहवाल तपासला असं छापलंय त्या दिवशी मी आईच्या डोळ्यात थेंब घालत होते! नियमाप्रमाणे तपासणीला आपल्या खोलीत पात्र माणसं दोनच, तू आणि मी. तू गेलीस म्हणून त्यांनी मला न विचारता माझं नाव ठोकून दिलं. परत आल्यावर मी विचारायला गेले तर म्हणे, 'औपचारिकता असते ती.' माझा अर्ज गेला आहे आणि ते नाव काढलं गेलं आहे, पण ते जाऊ दे. इतकी वर्षं आपण एका टेबलावर डबा खाल्ला, एकाच बसने गेलो-आलो, दादाच्या घोरण्यावर एकत्र हसलो. एक फोन करून 'हे काय आहे' एवढंच विचारायला तुला काय झालं होतं? जिला एवढ्या थोड्या रनवर विश्वास ठेवणं पटत नाही, तिने माझ्याबाबतीत एका ओळीवर निकाल लावला. मला वाईट वाटलं, वहिनी. रडले मी. आईला वाटलं माझेही डोळे आले.

असो. टिक काढून, दर मशीनला स्वतःचा वारा देऊन, आणि पावलाचा हट्ट सोडून वर्षं भरपूर वाढवून मी सगळं पुन्हा चालवलं. सुट्टीचे दोन्ही दिवस खोलीत मी आणि पंख्यांची घरघर. उत्तरं आली ती तू म्हणाली होतीस तशीच, छान पांगलेली. त्यांत जुना आकडा अगदी खालच्या टोकाला होता. आपल्या नशिबाने पहिल्या वेळी हाताला लागली ती शांत वर्षं होती, आणि त्यांच्या जिवावर आपण भिंत बांधायला निघालो होतो. सरासरी काढून, चुकीसाठी जागा सोडून, भिंत हातभर तरी वर जायला हवी. मला नाचावंसं वाटलं. मग मी तुला फोन केला. तो पूर्ण वाजला.

सोमवारी खाली कॅन्टीनमध्ये गेले तर मावशी आनंदात होत्या. त्यांना नव्या वस्तीत घर लागलंय, भिंतीमागची पहिलीच ओळ, तळमजला. गुडघ्यांमुळे त्यांनी मुद्दाम तळमजला मागून घेतला होता. खिडकीतून काय दिसतं, ओटा किती मोठा आहे, मुलीसाठी वेगळी खोली कशी आहे, सगळं त्यांनी मला चहा थंड होईपर्यंत सांगितलं. मी मान हलवत होते आणि मनात तो हातभर मोजत होते. पाणी त्यांच्या ओट्याच्या वर कुठपर्यंत येईल, ते मला दिसत होतं.

तिथून मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. भांडायच्या तयारीने गेले होते. पण वैताग असा की माणूस मूर्ख नाही. मी दोन आलेख पुढे ठेवले आणि त्यांचा चेहरा उतरला. एकही प्रश्न न विचारता त्यांना सगळं समजलं. म्हणाले, उंची वाढवू, गुरुवारीच मांडू. मला इतकं हलकं वाटलं की मी आभार मानायला तोंड उघडलं. तेवढ्यात ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, समितीला कारण द्यावं लागेल. कारण असं, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंनी चाचणीची खूण तशीच ठेवली आणि कुणाला न सांगता नोकरी सोडून गेल्या. कार्यालयाने ती चूक शोधून दुरुस्त केली. मी म्हटलं, मशीनवर ते उतरवायला कुणी सांगितलं होतं? ते म्हणाले, 'मला तसं काही आठवत नाही.' मी म्हटलं, तिने तर सभेत सांगितलं होतं. ते म्हणाले, 'त्यांनी शंका काढली, पुरावा दिला नाही. आणि खूण त्यांचीच आहे ना? त्या आता इथे नाहीत, त्यांचं काय बिघडणार आहे?' मग कागद माझ्याकडे सरकवला. तपासणी म्हणून माझी सही लागते. ती नसेल तर दुरुस्ती समितीपुढे जाऊच शकत नाही, आणि समिती पुन्हा बसेल ती वादळांचा हंगाम संपल्यावर. तोवर भिंत जुन्या मापाने उभी राहिलेली असेल आणि लोक राहायला आलेले असतील.

खोलीतल्या प्रत्येकाला मी जाऊन विचारलं. साहेबांनी हुकूम दिला तेव्हा सगळे तिथेच होते आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली आहे. मी एकटी उठून बोलले तर म्हणतील नणंद भावजयीची तरफदारी करते आहे, आणि त्या दिवशी ही हजरही नव्हती, जे खरंच आहे. घरी सांगितलं तर दादा पहिल्यांदा म्हणाला, 'भिंत तर उंच होतेय ना? मग कर सही.' दोन घास खाऊन म्हणाला, 'नको, नको करूस, तिच्या नावाला बट्टा कशाला?' आणि हात धुताना म्हणाला, 'पण मग त्या लोकांचं काय?' अख्ख्या जन्मात तो एका जेवणात इतका विचार करताना मी पाहिला नव्हता. आईने फक्त विचारलं, 'ती कॅन्टीनची बाई खालच्या मजल्यावर ना?' मी हो म्हटलं. मग तिने दादाकडे मीठ स्वतःच मागितलं.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. इतका वेळ तेच टाळत होते. समितीच्या कार्यालयात मी विचारून घेतलंय. ज्याने प्रोग्रॅम लिहिला त्याला ते समोर बसवून ऐकून घेतात, तो नोकरीत असो वा नसो. गुरुवारी सकाळी तू आलीस, तर टिक कशासाठी होती, मशीनवर उतरवली तेव्हा तू खोलीत नव्हतीस आणि तू सभेत काय म्हणाली होतीस ते तू स्वतः सांगशील, आणि मी तुझ्या सांगण्याखाली सही करीन. तू आली नाहीस, तर मी साहेबांच्या कागदावर सही करणार आहे. चूक तुझी, असं लिहिलेल्या कागदावर, माझ्या हाताने, माझं पूर्ण नाव. तुझं नाव स्वच्छ ठेवण्यासाठी ती भिंत मी हातभर बुटकी राहू देणार नाही, आणि माझ्या जागी तू असतीस तर तूही दिली नसतीस. हे तुला नंतर मेलवर कळू नये म्हणून आधी सांगते आहे. माझ्यावर चिडायचं असेल तर चीड, पण इथे येऊन चीड, साहेबांच्या तोंडावर चीड, हवं तर येताना सगळी दारं आपटत ये. ये गं. मला ती सही करायची नाहीये.

सही केली तरीही तुझीच,
नणंद